प्रमिलाच्या दोन डिस्क

प्रमिला गेल्याचं तिच्या भावाने, अशोकने, फोनवर सांगितलं तेव्हा मी तिच्याकडेच जायला निघाले होते. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. दर दोन शब्दांमागे तिला थांबावं लागत होतं. "शोभे... उद्या येजो... दुसऱ्या डिस्कची तपासनी... अर्धी राह्यली." मी म्हटलं, "सकाळीच येते वं. तू बोलू नको आता." एवढंच. माणसाच्या शेवटच्या बोलण्यात काही तरी मोठं असावं अशी आपली उगाच समजूत असते. प्रमिलाच्या शेवटच्या बोलण्यात हार्ड डिस्क होती. आणि आता, तिला जाऊन काही आठवडे झाल्यावर, मला वाटतं की तिच्यापुरतं त्याहून मोठं काही नव्हतंच.

आम्ही दोघींनी नागपुरात, इंदोऱ्याच्या एकाच शाळेत शिकवलं. ती मराठी, मी विज्ञान. तिने लग्न केलं नाही, आईसोबत राहिली. तिची आई कुहीकडची, गाण्याची मोठी हौस असलेली. आई गेली त्या वर्षी प्रमिला मला म्हणाली होती, "फोटो लय आहेत वं, पन मायचा आवाज कोनाजवळच नाही." निवृत्त झाल्यावर तिने खिशात मावेल एवढा रेकॉर्डर घेतला आणि कुही तालुक्यातल्या गावांमध्ये जाऊ लागली. म्हाताऱ्या बायांच्या अंगणात बसायचं, त्या गातील ते टिपायचं. दळणाच्या ओव्या, भाताच्या रोवणीची गाणी, दीक्षा घेतल्यानंतर बायांनी आपल्याच मनाने रचलेली बाबासाहेबांची गाणी. मी पुष्कळदा तिच्यासोबत असायची. बाया आधी लाजत, "काय आयकतं बाई आमचं" म्हणत. आणि एकदा गळा मोकळा झाला की थांबत नसत. घरी आल्यावर प्रमिला सगळं कॉम्प्युटरवर घेई, तिथून एका बाहेरच्या डिस्कवर टाकी आणि जागा व्हावी म्हणून बाकीचं पुसून टाकी.

ती डिस्क पडली. कशी, तर वायरीत पाय अडकून. टेबल कमरेएवढंही उंच नव्हतं. उचलून लावली तर आतून टक्... टक्... असा आवाज येऊ लागला. नागपुरात जिथे जिथे अशा डिस्क दुरुस्त करतात, तिथे तिथे आम्ही दोघी गेलो. शेवटच्या माणसाने ती उघडून दाखवली. आतल्या आरशासारख्या तबकडीवर गोल चरे पडले होते. "यातून काही निघणार नाही, मॅडम," तो म्हणाला. जवळजवळ निम्म्या बायांची गाणी त्या तबकडीवर होती. त्यांतल्या कितीतरी तोवर वारल्या होत्या. रस्त्यावर आल्यावर प्रमिला रडली नाही. पिशवीत डिस्क घट्ट धरून बसथांब्यावर बसून राहिली, बस आली तरी उठेना.

त्याहून वाईट पुढे होतं. देवराव नावाचा एक शेतकरी कुहीकडच्या गावाहून तिच्या घरी आला. त्याची आई तिथली सगळ्यांत नावाजलेली गाणारी. ती नुकतीच वारली होती आणि तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना तिचा आवाज ऐकवावा म्हणून तो मागायला आला होता. प्रमिलाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि काही न लपवता सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. जाताना चप्पल घालत एवढंच म्हणाला, "म्हंजे माही माय दोनदा गेली, ताई." हे वाक्य प्रमिलाने मला नंतर कितीदा ऐकवलं असेल... दर वेळी तितक्याच हळू आवाजात.

पुढच्या वर्षी तिला फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बरं होणारं दुखणं नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्या डिस्कवर टाकायची राहून गेलेली रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर आणि जुन्या पेनड्राइव्हवर विखुरलेली होती, आणि तो कॉम्प्युटरही थकला होता. नवीन डिस्क घ्यायची ठरली तेव्हा मी म्हटलं, "अशोकले सांगू, तो आनून देईन कोनतीही." ती चिडली. "कोनतीही कशी? भरभर चालनारी मले पायजे, मायाजवळ टाइम नाही म्हनून. अन टिकनारी तुमाले पायजे. मायामागं कोन पाहून राहिलं, चालते का बंद पडली?"

आम्ही सदरच्या बाजारात गेलो. दुकान पहिल्या मजल्यावर. जिन्यात ती दोनदा थांबली, भिंतीला हात लावून. दुकानदाराने एक डबी पुढे केली. "मॅडम, ये ले जाओ. लाइफटाइम चलेगा." प्रमिलाने श्वास घेतला आणि विचारलं, "किसका लाइफटाइम, भैया? मेरा, के इसका?" तो हसला, मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. त्यानंतर मात्र त्याने तिला घाई केली नाही. फिरत्या तबकडीची डिस्क हळू चालते आणि पडली तर संपते. जिच्यात फिरणारं काहीच नाही ती एसएसडी वेगवान, धक्काही सोसते. पण एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बंद पडून राहिली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं, असं प्रमिलाने वाचलं होतं. तिने त्यालाच एक मोठा फोल्डर त्याच्या कॉम्प्युटरवरून डिस्कवर टाकायला लावला आणि स्टुलावर बसून पाहत राहिली. पहिली डिस्क सुरुवातीला सपाट्याने निघाली आणि अर्ध्यातच गोगलगाय झाली. "सुरवातीले सबनच पळतात," ती मला म्हणाली. "शेवटी कशी चालते ते पाय." दुसरी शेवटपर्यंत एकसारखी चालली. ती घेतली. आणि सोबत फिरत्या तबकडीची एक साधीही. मी विचारलं, "हे काहून? अशीच तं पडून फुटली होती ना?" "कामाले ते, ठेवाले हे. अन दोन्ही एका घरात ठेवाच्या नाही. घर जळलं तं?"

घरी आणल्यावर नवी एसएसडी जुन्या डिस्कइतकीच हळू चालू लागली. प्रमिलाचा चेहरा पडला. मग आम्ही वाकून पाहिलं. कॉम्प्युटरच्या समोरची, वायर लावायची भोकं काळी, जुन्या पद्धतीची. मागे धुळीत एक निळं होतं, वेगवान. तिथे लावल्यावर डिस्क खरी पळाली. त्या दिवशी तिने मला चहा करून दिला, स्वतः उठून. मी नको म्हणत होते. तिला त्या आजारात उभी राहून चहा करताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

मग तिने कामाला वाहून घेतलं. नाकात नळी, बाजूला यंत्राची घरघर, कानावर हेडफोन. फाइल दोन्ही डिस्कवर नुसती गेली म्हणून तिचं भागत नसे. प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून मगच ती पुढे जाई. साधी डिस्क कुठे ठेवायची याचं उत्तर तिने आधीच ठरवलं होतं. तिने देवरावला बोलावलं. मी म्हटलं, "त्यालेच काहून? त्याले किती तरास होईन." तिने हेडफोन परत कानावर चढवला. तो आला. तिने सगळं सांगितलं तशी तो डिस्ककडे पाहत म्हणाला, "माह्या मायचा आवाज नाही यात." प्रमिला म्हणाली, "नाही." मग त्याने हात पुढे केला. "बाकीच्यायच्या माया आहेत ना. ठेवतो." तपासणी झाल्यावर मी ती पोचवावी असं ठरलं.

ती तपासणी माझ्यावर आली. अंत्ययात्रेला देवराव आला होता, मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, थोडं राहिलंय. अशोकने घर विकायचं ठरवलं आहे, पण खोली तेवढी माझ्यासाठी तशीच ठेवली. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं. मी रोज दुपारी तिच्या खुर्चीवर बसते आणि ऐकते. मी सोबत होते त्या अंगणातलंही ऐकू येतं... कोंबड्या, कोणाचं तरी खोकणं, मधेच माझं हसणं. प्रमिला मात्र कुठेच नाही. तिने प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या बोलण्यापुरतं रेकॉर्डिंग मुकं करून टाकलं आहे. तिचा स्वभावच तो. गाणाऱ्या बाईच्या मधे आपण कशाला, असं तिला वाटलं असणार. पण बायांनी तिला विचारलेले प्रश्न तसेच राहिले आहेत.

काल शेवटची फाइल ऐकली. एक म्हातारी ओवी म्हणता म्हणता थांबते आणि विचारते, "बाई, जेवली का वं तू? तोंड काऊन सुकलं तुह्यं?" त्यापुढे काही क्षण काहीच नाही. बाहेरचं गावसुद्धा नाही, नुसती शांतता. मी आवाज वाढवला, पुन्हा मागे जाऊन ऐकलं... पुन्हा तेच. प्रमिलाने काही तरी उत्तर दिलं असणार. कारण थोड्या वेळाने म्हातारी "बरं बरं" म्हणते आणि पुन्हा गाऊ लागते.