वरच्या काचेवर दोनदा टकटक

खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्या या दोघा भावांना कुणी नावाने हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. एक थोरले, दुसरे धाकटे. धाकट्यांची पन्नाशी उलटली, पुढचे दोन दात पडले, मुलगी सासरी गेली, तरी ते आपले धाकटेच राहिले. थोरले शिडीवर चढायचे आणि धाकटे खाली शिडीचे पाय धरून उभे राहायचे. अर्धं आयुष्य त्यांनी असं मान वर करून काढलं. भावाच्या बुटांचे तळवे त्यांनी जितके पाहिले, तितका भावाचा चेहरा पाहिला नसेल.

थोरल्यांची एक रीत होती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एकाएकी पुरुषाचं डोकं उगवलं तर आतल्या माणसाच्या काळजाचं पाणी व्हायचंच. म्हणून ते फडकं लावण्याआधी बोट दुमडून काचेवर दोनदा टकटक करायचे आणि थांबायचे. आतून दोनदा टकटक आली की काम सुरू. एकदाच आली तर जरा दम धरायचा, आत कुणीतरी कपडे बदलत असणार. आणि उत्तर काहीही येवो, काच बघायची, काचेपलीकडचं बघायचं नाही.

"आपण भिंतीबाहेरचे पाहुणे," थोरले म्हणायचे. "पाहुण्याने दार वाजवावं आणि नजर आवरावी."

एवढा शिस्तीचा माणूस, पण घरी मात्र दिव्याखाली अंधार. दोन्ही भावांचं बिऱ्हाड एकत्र, तळमजल्यावर. वहिनींच्या खोलीची मागच्या बाजूची काच इतकी मळलेली की बाहेर ऊन आहे की ढग आलेत, तेही कळायचं नाही. वहिनी म्हणायच्या, "अहो, गावाच्या काचा लखलखीत करता, घरच्या काचेनं काय पाप केलंय?" थोरले म्हणायचे, "उद्या." त्या 'उद्या'वर नवराबायकोचा सगळा संसार झाला. दोघंही हसायचे.

मग एके दिवशी सकाळी थोरल्यांचा पाय ओल्या पायरीवरून निसटला. शिडी जागची हलली नाही. धाकट्यांनी ती घट्ट धरली होती. शिडी राहिली, माणूस तेवढा गेला. पुढे कित्येक दिवस धाकट्यांना मुठी उघडता येत नव्हत्या. जेवायला बसले तरी बोटं आपोआप मिटायची.

पोट कुणाला चुकलंय? थोड्या दिवसांनी धाकटे स्वतः शिडी लावून वर चढायला लागले. घरी सांगायचे, खालच्याच खिडक्या करतो. पण अशी गोष्ट लपते थोडीच! वहिनींना कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "भाऊजी, या घरातलं माणूस पुन्हा शिडीवर चढलं, तर मी या घरात राहणार नाही. माहेरी जाईन. एकदा पाहिलंय मी, दुसऱ्यांदा बघायचं बळ नाही माझ्यात."

धाकटे शाळेत जात होते तेव्हा वहिनी लग्न होऊन घरात आल्या. त्यांचे डबे भरले, त्यांच्या तापात रात्री जागवल्या. आई कधी गेली ते धाकट्यांना नीट आठवतही नव्हतं. आई म्हटलं की वहिनीच डोळ्यांसमोर यायच्या. धाकट्यांनी तिथल्या तिथे शपथ घेतली आणि शिडी मागच्या बोळात भिंतीला आडवी टाकून दिली.

शिडीच्या जागी आली पाण्याची काठी. एकात एक बसणारे नळे ओढत गेलं की ती तीन मजले उंच होते. टोकाला ब्रश, ब्रशातून पाण्याच्या धारा, आणि पाणी गाडीतल्या टाकीतून नळीने वर चढतं. ते पाणी असं गाळलेलं की त्यात क्षाराचा कणही राहत नाही, म्हणून पुसावं लागत नाही. घासायचं, धुवायचं, काच आपली आपण वाळते, डाग पडत नाही. माणूस जमिनीवरच राहतो.

धाकट्यांना सुरुवातीला लाज वाटली. काचेला हात न लावता काच साफ करायची, हे काय काम झालं? वायपर ओल्या काचेवरून ओढताना जो चूंऽऽ असा लांबलचक आवाज येतो, तो नाही. कडेचं पाणी टिपून घेणं नाही. गिऱ्हाइकंही कुरकुरायची. "पाणी मारून निघालात, पुसणार कोण? तुमचे काका?" पण काच वाळल्यावर गप्प व्हायची.

एका गोष्टीचं मात्र धाकट्यांना नवल वाटायचं. विकणाऱ्याने बजावलं होतं, पहिले काही महिने खांदे भरून येतील, काठी पूर्ण उघडली की वरचं टोक खाली ओढतं. धाकट्यांचे खांदे कधी दुखले नाहीत. काठी हातात फुलासारखी हलकी. ते चारचौघांत मिरवायचे, की आमच्या हाडाला सवय आहे. एकदा शेजारच्या रंगाऱ्याने गंमत म्हणून काठी मागितली. गडी आडदांड, आयुष्यभर बांबूला ब्रश बांधून भिंती रंगवलेला. त्याने काठी उभी धरली, दोन पावलं झोकांडला आणि कशीबशी भिंतीला टेकवली.

"अहो, काठी आहे की विजेचा खांब?" तो घाम पुसत म्हणाला. "एकट्याने कशी पेलता ही?"

धाकटे हसले. त्यांनी काठी घेतली, एका हाताने उचलली. रंगारी हसला नाही. तो काठीच्या वरच्या टोकाकडे बघत राहिला आणि मग सामान आवरून निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दातांच्या दवाखान्यातली बाई म्हणाली, "बरं झालं, रीत सोडली नाहीत. डॉक्टरांना ती टकटक फार आवडते."

"कसली टकटक?"

"वर काचेवर करता ती. दोनदा."

धाकट्यांना वाटलं, ब्रश आपटत असेल. पुढच्या वेळी त्यांनी ब्रश अगदी जपून टेकवला. तरी बाई म्हणाली, "आजही ऐकली हो." धाकटे गाडीत बसून पाणी प्यायले. मग त्यांनी नळी, ब्रश, सांधे सगळं तपासलं. वाजण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून वर बघायची त्यांना भीती वाटायला लागली. सगळा जन्म मान वर करून काढलेला माणूस आता जमिनीकडे बघत काठी फिरवायला लागला.

हे सगळं पोटातच राहिलं असतं, पण मध्ये शिवणकामवाल्या मावशी आल्या. या मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, खिडकीलाच त्यांचं मशीन. तोंडात टाचण्या असल्या की जग सुखी, टाचण्या काढल्या की बातमीपत्र सुरू. बाजारात त्यांना वहिनी भेटल्या. मावशी कौतुकानेच म्हणाल्या, "दीर गुणाचा हो तुमचा. अगदी थोरल्यांसारखी वर येऊन टकटक करतो, मग कामाला लागतो."

वहिनी घरी आल्या आणि भाजीची पिशवी हातात तशीच घेऊन मागच्या बोळात गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी धाकट्यांना हाक मारली.

शिडी होती तिथेच, आडवी. वहिनींनी तिच्या पायरीवरून बोट फिरवलं आणि ते धाकट्यांपुढे धरलं. बोट ओलं होतं. धाकट्यांनी स्वतः हात लावला. एकूण एक पायरी ओली, थंडगार. भिंत कोरडी, खालची फरशी कोरडी, वर छप्पर.

"शपथ घेतली होती तुम्ही, भाऊजी."

"वहिनी, मी हिला हात लावलेला नाही."

"मग वर टकटक कोण करतं?"

धाकट्यांच्या जिभेवर एक उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. वहिनी खोलीत गेल्या आणि कपाटातून पिशवी काढून कपडे भरायला लागल्या. धाकट्यांची बायको दारात उभी राहून रडत होती. "जाऊबाई, असं नका करू," एवढंच म्हणत होती.

"उद्या माझ्याबरोबर चला," धाकटे म्हणाले. "मावशींच्या खोलीत खिडकीपाशी बसा. मी खाली काठी धरतो. मी वर दिसलो तर तिथूनच माहेरची गाडी पकडा, मी अडवणार नाही."

वहिनींनी भरलेली पिशवी रिकामी केली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या.

दुपारची वेळ होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. धाकट्यांनी गाडी लावली, नळी सोडली, काठी उघडली. वर तिसऱ्या मजल्याच्या काचेमागे वहिनींचा चेहरा दिसत होता. त्यांना खाली धाकटे नीट दिसत असणार. आपला चेहरा त्यांना ओळखू यावा म्हणून आज डोकं वर ठेवणं भागच होतं.

काठी हलकेच वर चढत गेली. ब्रश अजून दुसऱ्या मजल्याशीच होता, पाणीही सोडलं नव्हतं, तेवढ्यात वहिनी दचकल्या. खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्यांनी खाली धाकट्यांकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. समोर काहीच नव्हतं. धाकट्यांना तरी रिकामी भिंत आणि काच एवढंच दिसत होतं.

मग त्यांचा हात वर आला. बोट दुमडून त्यांनी काचेवर टकटक केली. एकदाच.

धाकटे जागच्या जागी थांबले. एकदा म्हणजे थांबा, हे त्यांच्या रक्तात होतं. वहिनींचे ओठ हलले. त्या बोलत होत्या, पण खाली बघून नाही. समोर बघून, घरात बोलतात तशा, मध्येच पदर सारखा करत. आणि बोलणं संपलं तसा काठीचा सगळा भार धाकट्यांच्या हातात आला.

वरून कुणीतरी हात सोडावा तसा तो आला. काठी वाकली, ब्रश भिंतीवर आपटत खाली घसरला, खांद्यातून कळ निघाली. धाकटे गुडघ्यावर आले, पण काठी सोडली नाही. शिडी धरायचे तशीच दोन्ही मुठींनी धरून ठेवली. इतके दिवस वरचं टोक कोण पेलत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि भर रस्त्यात ते लहान मुलासारखे रडले.

वहिनी खाली आल्या. डोळे कोरडे होते.

"वहिनी, मी खालीच होतो."

"पाहिलं मी."

"मग वर..."

"काम करा, भाऊजी. काच तशीच राहिलीय." आणि त्या पायी घरी गेल्या. संध्याकाळी धाकटे घरी पोचले तेव्हा माहेरची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली होती.

वहिनी काय बोलल्या ते मावशींनी नंतर सांगितलं. टाचण्या तोंडातून काढून, पण आवाज खाली आणून. "म्हणाली, 'अहो, पुरे झालं. उतरा आता. भाऊजी सांभाळतील त्यांचं ते. सगळ्या गावाच्या काचा वाजवून झाल्या, घरची तेवढी राहिलीय.' मी मान वर केलीच नाही बाई. टकटक मात्र माझ्या कानांनी ऐकली."

त्यानंतर कुणाच्याच काचेवर टकटक झाली नाही. दातांच्या दवाखान्यातल्या बाईने तक्रारही केली. बोळातली शिडी खडखडीत कोरडी झाली, तिच्या पायऱ्यांत कोळ्याने जाळं विणलं. धाकट्यांचे खांदे असे भरून आले की बायकोला रोज शेक द्यावा लागे. रंगारी म्हणाला, "आता कसं माणसासारखं दुखतंय!" धाकट्यांना ते दुखणं नकोसं नव्हतं. थोरले असेपर्यंत शिडीचा भार धाकट्यांनीच पेलला होता. हा त्याहून जड नव्हता. पण काठी उभी करताना हात क्षणभर थबकायचे, वरून कुणी धरतंय का ते बघायला.

एका सुट्टीच्या दिवशी ते बादली आणि फडकं घेऊन वहिनींच्या खोलीपाशी गेले. "तुमची काच पुसून टाकतो आज. तळमजलाच तर आहे, शिडी नको की काठी नको."

"नको," वहिनी म्हणाल्या. "सांगितलंय त्यांना."

धाकट्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. वहिनींनी ती खिडकीपाशी ओढली होती, पण खिडकीकडे पाठ करून. बाहेरच्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घरचं माणूस बसतं, तशी. त्यांनी बादली उचलली आणि परत फिरले.

त्यानंतर ती खुर्ची तशीच राहिली, काचही तशीच मळकट. वहिनी तिथे बसून भाजी निवडायच्या, फाटलेलं शिवायच्या, सुईत दोरा ओवायला दिवा लावायच्या. धाकट्यांची बायको म्हणायची, यांना जरा कुठेतरी फिरवून आणायला हवं. धाकटे मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

मग एक दिवस, सकाळचा चहा उकळत असताना, आतल्या खोलीतून टकटक ऐकू आली. दोनदा. धाकट्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. मग काचेच्या आतल्या बाजूने, बांगडी वाजवत, उत्तर गेलं. दोनदा.

आणि ओल्या काचेवरून वायपर ओढल्याचा तो आवाज आला. चूंऽऽ, वरपासून खालपर्यंत, एका दमात. काठीला तो आवाज कधीच काढता आला नव्हता.

"कोण आहे हो मागे?" बायकोने विचारलं.

धाकटे उठून मागच्या दारापाशी गेले होते. हात कडीपर्यंत पोचला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"घरचंच माणूस आहे," ते म्हणाले. "पुसू दे."