बटाटा सोलून होईपर्यंत

दुबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या काचेमागे पांढराशुभ्र कंदुरा (पायघोळ अरबी अंगरखा) घातलेला एक तरुण अधिकारी बसला होता. त्याने येण्याचे कारण विचारले. भाचीकडे राहायला आले आहे, एवढे सांगून भागले असते. परंतु आयुष्यभर गणित शिकवल्यामुळे अर्धवट उत्तर देण्याची मला धास्ती वाटते. म्हणून मी इंग्रजीत सांगितले, "भाचीला भेटायला, आणि एका फिल्मसाठी."

त्याने मान वर केली. माझी सुती साडी, पांढरी वेणी आणि दोरीने गळ्यात लटकवलेला चष्मा, असे सगळे क्रमाने पाहून घेतले.

"ॲक्ट्रेस?"

"नो," मी घाईने म्हटले, "ऑडियन्स."

तो मनापासून हसला, शिक्का मारला आणि मागच्या रांगेकडे पाहत "यल्ला" (चला, आटपा) म्हणाला.

प्रेक्षक ही माझी ओळख खरी असली, तरी ती मला फार उशिरा मिळाली. सांगलीच्या महाविद्यालयातून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात मी एकदा वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. वरच्या सभागृहात पंखे चालू दिसले, म्हणून जरा टेकले. तिथे फिल्म सोसायटीचा खेळ चालू होता. पडद्यावर बर्फ होता, हेही न उठण्याचे एक कारण. युद्धाचा चित्रपट होता, पण त्यात एकही गोळी सुटत नव्हती. नदीवरचा लाकडी पूल, त्यावर पहारा करणारा एक कंटाळलेला शिपाई आणि खांबाला हात बांधून ठेवलेला शत्रूचा एक कैदी. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. संध्याकाळी शिपाई कंदील लावतो, खिशातून एकुलता एक बटाटा काढतो आणि बोथट चाकूने सोलू लागतो. कैदी पाहत राहतो. कॅमेरा जागचा हलत नाही. सोलून झाल्यावर शिपाई त्याचे दोन तुकडे करतो आणि एक तुकडा कैद्याच्या पुढ्यात ठेवतो. बस, एवढेच.

त्या दिवशी मी पंख्याखाली बसले आहे हे विसरले. त्यानंतर मी नेमाने सोसायटीत जाऊ लागले. कोणी नावही न ऐकलेल्या देशांचे आणि कोणी शोधतही नसलेले चित्रपट पाहू लागले. पण तो बटाटा मला का आवडला, हे मला आजवर कुणालाही नीट सांगता आलेले नाही. माझी बहीण कुसुम म्हणते, "बटाटे सोलताना बघायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघरात ये. तिकीट नाही."

कुसुमची मुलगी मृण्मयी जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहते. तिथल्या महाराष्ट्र मंडळात तिने सांगून टाकले की, माझी मावशी वर्ल्ड सिनेमातली एक्स्पर्ट आहे. मंडळाने उत्साहाने सगळ्या परवानग्या काढल्या आणि मला दोन चित्रपट निवडून द्यायला सांगितले. एक निवडला तो हाताने काढलेल्या चित्रांचा छोटा चित्रपट आणि दुसरा, अर्थात, पुलाचा. तो प्रसंग चार माणसांनी न तोडता, सलग पाहावा, एवढीच माझी इच्छा होती. मग त्यांना कसा वाटला, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मला समजावून सांगावे लागू नये.

मृण्मयीचे घर इतके उंचावर होते की खिडकीतून मरीना भागातल्या इमारती शेजारणींसारख्या समोरासमोर दिसत. तिची नऊ वर्षांची मुलगी इरा मराठी सगळे समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. पहिल्याच दुपारी मी तिला चित्रांचा चित्रपट दाखवला. एक म्हातारी आपली शेळी घेऊन डोंगर ओलांडते, एवढीच त्यात गोष्ट आहे. सगळ्या रेषा पेन्सिलीच्या, आणि म्हातारी उभी असली तरी तिच्या रेषा थरथरत राहतात.

"व्हाय इज इट शेकिंग?" इराने विचारले.

"अगं, प्रत्येक चित्र माणसाने हाताने पुन्हा काढलं आहे. तंतोतंत तसंच येत नाही."

"हू हॅड द टाइम?" ती म्हणाली आणि आपल्या टॅबलेटकडे वळली.

मी थोडी खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीवर अब्रा (पलीकडे नेणारी उघडी लाकडी होडी) पाहायला गेलो आणि तीत बसलोही. इंजिनाच्या धडधडीने आमचे गुडघे हलत होते. मसाल्याच्या बाजाराचा वास वाऱ्यावर येत होता. पाण्यात पलीकडच्या मशिदीच्या मनोऱ्याचे प्रतिबिंब पडले होते, आणि त्याची कडा एका जागी ठरत नव्हती. इराने माझी बाही ओढली. "मावशीआजी, लुक. समबडी इज ड्रॉइंग इट अगेन अँड अगेन." खाडी ओलांडेपर्यंत आम्ही दोघी त्या मनोऱ्याकडेच पाहत होतो.

परत अलीकडे आल्यावर एका मल्याळी कॅफेटेरियासमोर आम्ही करक (उकळून आटवलेला दुधाळ चहा) घेतला. मृण्मयीने तो गाडीतच मागवला. इथे चहा माणसाकडे चालत येतो. "मावशी, टेन्शन नको घेऊस," ती पेला पुढे करत म्हणाली. "फक्त सेक्रेटरींना एकदा भेटायचंय. शारजाला. ते जरा पार्टिक्युलर आहेत."

मृण्मयीची गाडी तिच्या नवऱ्याला हवी होती, म्हणून शारजाला आम्ही टॅक्सीने गेलो. रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चालक पेशावरचा होता. त्याला पोचायला किती वेळ लागेल असे विचारले, की तो "इन्शाल्ला" (देवाच्या मनात असेल तेव्हा) म्हणे. आणि तेवढा वेळ खरोखरच लागे. त्याने मी काय करते ते विचारले. मृण्मयीने चित्रपटाचे सांगितले.

"जंग की फिल्म है, अम्मा?"

"हाँ."

"गाने हैं?"

"नहीं."

त्याने आरशातून माझ्याकडे काळजीने पाहिले. "फिर लोग पानी पीने कब जाते हैं?"

मला हसू आले. तो प्रश्न किती गंभीर आहे, ते शारजाला पोचल्यावर कळले.

मंडळाचे सचिव नाईकनवरे एका शिपिंग कंपनीत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात मंडळ चालवतात. आवाज असा की, त्यांना माइक लागत नाही. आणि मला माइक असूनही उपयोग नसतो. त्यांच्या पत्नी शैलावहिनींनी पोहे पुढे ठेवले. मी चमचा उचलण्यापूर्वीच नाईकनवरे कागद सरसावून बसले.

"मॅडम, इंटरवल कुठे आहे?"

"या चित्रपटात मध्यंतर नाही."

"नाही म्हणजे? ठेवायला विसरले?"

"त्यांच्याकडे तशी पद्धत नसते. सलग पाहतात."

त्यांनी शैलावहिनींकडे बोट केले. "अहो मॅडम, वडे इंटरवलला असतात. बटाटेवडे. ही इथे तळणार, पुतण्या गाडीतून तिकडे आणणार. गरम पोचले पाहिजेत. सगळा कार्यक्रम त्यावर उभा आहे. तुमचा गैरसमज नको, पण मागच्या वर्षी व्याख्यान होतं, तेही लोकांनी वड्यांसाठीच ऐकलं."

"इंटरवल नसेल तर लोक मधेच उठतात हो," शैलावहिनी समजुतीने म्हणाल्या. "आणि इंटरवल झाला की वडा खाऊन जातात. शारजावाल्यांना परत जायचा ट्रॅफिक असतो ना."

म्हणजे मध्यंतर दिले तरी लोक जाणार, न दिले तरी जाणार. मी घाबरून सगळा चित्रपट मनात पुढेमागे फिरवला. अखेर ठरवले, की शिपाई कंदील लावतो तिथे थांबावे. बटाटा त्याच्या पुढे येतो. लोक खाऊन परत येतील ते ताज्या डोळ्यांनी. निदान जे परत येतील ते. नाईकनवरेंनी लिहून घेतले: "कंदील. वडे." आणि रिमोट माझ्या हातात राहील असे जाहीर केले.

शनिवारी दुपारी मृण्मयीच्या इमारतीच्या कम्युनिटी हॉलमध्ये खुर्च्या भरल्या. मी प्रास्ताविक लिहून नेले होते. पहिल्या दोन वाक्यांनंतर मागून कोणीतरी विचारले, "मॅडम बोलतायत का?" तेव्हा मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मृण्मयीने उभे राहून सांगितले, "मावशी थोडी शाय आहे, आपण पिक्चरच सुरू करू या," आणि माझ्यावर तिचे उपकार झाले.

शेळीची गोष्ट झाली. टाळ्या पडल्या. मग पूल आला. माझ्या एका बाजूला नाईकनवरे मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. पुढच्या रांगेत नाटेकर आजी होत्या. त्यांना इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नसल्याने त्यांची सून प्रत्येक ओळ कानात सांगत होती, आणि आजींना कमी ऐकू येत असल्याने ती आम्हा सर्वांनाच कळत होती.

"तो म्हणतोय, उद्या बर्फ थांबेल."

"आणि हा?"

"हा म्हणतोय, आपल्या गावी मेंढ्या आहेत."

"त्याला कळलं का मेंढ्यांचं?"

"नाही हो आई, भाषा वेगळी आहे."

"मग कशाला सांगतोय?"

या प्रश्नावर मीही अनेकदा विचार केला आहे.

शिपायाने कंदील लावला. मी रिमोट उचलला. नाईकनवरेंनी माझे मनगट धरायचे तेवढे बाकी ठेवले. "दाबू नका. वडे अजून ट्रेड सेंटरलाच आहेत. इत्तिहाद रोडला अडकले होते."

"पण आता तो प्रसंग..."

"मॅडम, वड्यांशिवाय इंटरवल दिला तर लोक सरळ घरी जातील. थोडं चालू राहू दे."

आणि शिपायाने खिशातून बटाटा काढला.

मी रिमोट मांडीवर उलटा ठेवला. पडद्यावर साल लांबत होती. शेजारून हलक्या आवाजात बातम्या येत होत्या. "बर्शा आलं." साल तुटली, शिपायाने पुन्हा सुरुवात केली. "मरीनाचा एक्झिट." कैद्याने आवंढा गिळला. "पार्किंगमध्ये." मला रडू येईल असे वाटू लागले. ज्या एका गोष्टीसाठी समुद्र ओलांडून आले, तिच्या मध्यभागी वडे लिफ्टने वर येत होते.

आधी वास आला. लसूण, कढीलिंब, गरम तेल. सगळा हॉल त्याने भरून गेला. कोणाचे तरी पोट स्पष्टपणे वाजले, आणि आश्चर्य म्हणजे कोणी हसले नाही. दरवाजा उघडला, पुतण्या दोन मोठी पातेली घेऊन आत आला. नाईकनवरे उठले आणि दिव्यांच्या बटणाकडे हात करत म्हणाले, "चला मंडळी, इंटरव..."

"थांबा."

हा आवाज माझा होता, हे मला मागाहून कळले. मी उभी होते.

"बटाटा सोलून होऊ दे."

नाईकनवरेंचा हात हवेत राहिला. पुतण्या पातेली घेऊन जिथल्या तिथे उभा राहिला. मला बसायचे सुचले नाही. त्या वासात, भुकेल्या पोटी, सगळे जण त्या एका बटाट्याकडे पाहत होते, आणि कैदीही पाहत होता. इतक्या वर्षांत हा प्रसंग मी अनेकदा पाहिला; पण पंख्याखाली, चहा वगैरे घेऊन पाहिला होता.

"काय म्हणतोय गं?" नाटेकर आजींनी विचारले.

"काही म्हणत नाहीयेत, आई."

"मग ठीक आहे," आजी म्हणाल्या. "एवढं मला कळतं."

शिपायाने बटाट्याचे दोन तुकडे केले. एक कैद्याच्या पुढ्यात ठेवला. कैद्याने तुकड्याकडे पाहिले, मग स्वतःच्या बांधलेल्या हातांकडे. मी रिमोट शोधून बटण दाबले. चित्र तिथेच थांबले. दिवे लागले.

काही क्षण कोणी वड्यांकडे गेले नाही. मग सगळेच गेले, आणि एकदम बोलू लागले. हात सोडणार का? दोर सोडला तर तो पळणार. मग भरवेल. शिपाई कसा भरवेल? का नाही भरवणार, मेंढ्या त्याच्याकडेही असतीलच. एक गृहस्थ वडा हातात धरून इतका वेळ वाद घालत होते की तो गार झाला. मी कोपऱ्यात उभी राहून माणसे मोजत होते. कोणी चपला घालत नव्हते. नाईकनवरे माझ्याजवळ आले.

"मॅडम, सोडतो का हो?"

"मध्यंतरानंतर," मी म्हटले. असे अर्धवट उत्तर देण्याची माझी आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि मला त्याची चव वड्याहून चांगली लागली.

सकाळच्या दृश्यात पुलावर कोणी नाही. खांबाशी दोर पडलेला आहे. एवढ्यावर चित्रपट संपतो. दिवे लागल्यावर पुन्हा वाद सुरू झाला.

"सोडलाच त्यानं," नाईकनवरे म्हणाले.

"ते राहू दे, खाल्ला का ते सांगा," नाटेकर आजी म्हणाल्या.

मला सांगता आले नाही, आणि या वेळी त्याचा संकोच वाटला नाही. निघताना नाईकनवरेंनी मला बाजूला घेतले. "मॅडम, पुढच्या वेळी खाण्याचा सीन नसलेला पिक्चर आणा. पातेली धरून पोराचे हात भरून आले." त्या संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर ते नेहमीप्रमाणे अडकले. तिथून त्यांनी मृण्मयीला फोन केला, आणि तिने तो माझ्या हातात दिला. "एक शंका होती. दोर कापलेला होता की सोडलेला?"

"सोडलेला," मी म्हटले.

"खलास (संपलं)," ते म्हणाले. "मग खाल्ला."

सांगलीला परतल्यावर कुसुमने विचारले, लोकांना आवडला का. मी सांगितले की त्यांना भूक लागली. तिला वाटले मी टाळते आहे. पण ज्या गोष्टीचे मला इतकी वर्षे शब्द सापडले नव्हते, तिला तो एक शब्द पुरत होता. पुलाच्या चित्रपटाकडे मी सतत काहीतरी समजून घेण्यासाठी पाहत आले होते. त्या हॉलमध्ये कोणी समजून घ्यायला बसले नव्हते. त्यांना फक्त त्या तुकड्याचे काय होते ते हवे होते, आणि बहुधा कैद्यालाही तेवढेच हवे असेल.

आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात तो चित्रपट पुन्हा दाखवणार आहेत. माहितीपत्रकासाठी चार ओळी लिहाल का, असे मला प्रथमच विचारले गेले. देश, भाषा, दिग्दर्शक हे मी नीट लिहिले. शेवटी, बराच विचार करून, ही ओळ घातली: "या चित्रपटाला मध्यंतर नाही. घ्यायचेच झाल्यास बटाटा सोलून झाल्यावर घ्यावे, आणि प्रेक्षकांनी शक्यतो उपाशी यावे."