केसपेपर आधी वाचणाऱ्या गिरिजाताई

अ‍ॅड. गिरिजाताई हलगे येत्या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्याविषयी लिहायचे तर पहिली भेट खरी सांगितली पाहिजे. त्या भेटीत मी ताईंना दलाल समजलो होतो.

माझे थोरले बंधू परमेश्वरदादा गेवराईजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. एका सकाळी यंत्रात अडकलेला कापूस काढताना त्यांचा उजवा हात आत ओढला गेला. चार बोटे गेली. मी दवाखान्यात पोहोचलो तोवर ऑपरेशन झाले होते. खाटेशेजारी जिनिंगचे सुपरवायझर बसले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, थर्मासमधला चहा दिला. "मालक सगळं बघतेत, तुमी काळजी करू नका," असे म्हणाले. मला ते देवमाणूस वाटले.

शेजारच्या खाटेवर ताईंचे आजारी दीर होते. दोन दिवस ताई हा पाहुणचार पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर बाहेर जाताच त्या माझ्याजवळ आल्या. "मी वकील आहे. यांचा केसपेपर वाचलात का?"

"कावून? डॉक्टरनी वाचलाय की," मी तुटकपणे म्हणालो. दवाखान्यात अशील शोधत फिरणारी ही बाई कोण, असे मनात आले. तरी कागद मागून आणला. त्यावर लिहिले होते : घरी कडबा कुट्टीच्या यंत्रात हात सापडून दुखापत.

"घरी जनावरं किती?" ताईंनी विचारले.

"एक शेळी हाय."

"एका शेळीसाठी कुट्टी यंत्र घेतलंत?"

दादा खाटेवरून पुटपुटले, "म्या तर काईच सांगितलं न्हाई."

ताईंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले. ‘माहिती देणारा’ या शब्दांपुढे सुपरवायझरांचे नाव होते. "चूक इथूनच सुरू होते," ताई म्हणाल्या. "जखमी माणूस शुद्धीत नसतो, घरचे पोहोचलेले नसतात आणि माहिती तिसराच देतो. पुढं कोर्टात हाच कागद बोलतो."

मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. ताईंनी तो माझ्या हातून काढून घेतला. "जुन्याला हात लावायचा नाही. त्यांचं खोटं जसंच्या तसं राहू द्या. आपलं खरं वेगळं लिहून द्या." मी तसा अर्ज दिला आणि दादांचा स्वतःचा जबाब डॉक्टरांनी त्याच दिवशी तारखेनिशी नोंदवला. अर्जाची पोच ताईंनी मागून घेतली.

मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही कुठं सही केलीत?"

"न्हाई."

"परत आठवा."

मी मान खाली घातली. आदल्याच दिवशी विम्यासाठी म्हणून सुपरवायझरांनी एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर दादांचा डावा अंगठा घेतला होता आणि साक्षीदार म्हणून माझी सही. भावाचा हात यंत्राने नेला होता. त्याचा हक्क मी माझ्या हाताने देऊन बसलो होतो. ताई एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. कोऱ्या कागदावर कोणी, कधी, काय सांगून सही घेतली, हे त्यांनी माझ्याकडून तिथेच लिहून घेतले आणि पोलिसांकडे व भरपाई आयुक्तांकडे तक्रार पाठवली. "त्या कागदावर त्यांनी तडजोड लिहिली, तरी ती आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय पक्की होत नाही. पण आज गप्प बसलो तर उद्या आपल्यालाच खोटं ठरवतील," एवढेच त्या म्हणाल्या.

जिनिंगला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली आणि चहा बंद झाला. हजेरीपटावर दादांचे नावच नाही, असे उत्तर आले. दादांच्या जोडीचे गडी रस्ता बदलून जाऊ लागले. गावात कोण आपला आणि कोण जिनिंगचा, हे मला समजेना. मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. त्यातच बीडच्या कोर्टाबाहेर टपरीवर जिनिंगच्या वकिलांबरोबर ताई हसत चहा घेताना दिसल्या. मी आठ दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी ताई स्वतः आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी जे पाहिले ते रागाने बोलून टाकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ते माझ्याबरोबर शिकायला होते, चहा घेणारच. संशय घेतलात ते बरं केलंत. विचारलं नाहीत ते वाईट." आणि खटल्यातला प्रत्येक कागद माझ्यापुढे ठेवला. आजही त्या प्रत्येक अशिलाला सगळ्या कागदांच्या प्रती देतात. "माझ्यावरही विसंबू नका," असे बजावतात.

साक्षीला कोणी तयार नव्हते. अपघाताच्या वेळी दादांचा हात आपल्या पदराने बांधणाऱ्या कासाबाई तेवढ्या उरल्या. ताई त्यांना म्हणाल्या, "काम जाऊ शकतं. मी खोटा धीर देणार नाही."

कासाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. उद्या माजा हात गेला तर म्या कोणाला हाक मारू?"

साक्ष झाली आणि त्यांचे काम खरोखरच गेले. ताईंनी त्याच आठवड्यात आपल्या भावाच्या किराणा दुकानात त्यांना धान्य निवडायला लावले. त्याची वाच्यता मात्र कुठे केली नाही.

या सगळ्या काळात ताई दादांना डाव्या हाताने सही गिरवायला लावत. "अंगठा कोणीही धरून लावतो. सही तुमच्या मनाविरुद्ध होत नाही." दादा चिडत, पाटी ढकलून देत. ताई ती पुन्हा पुढे करत.

शेवटी सुपरवायझर साक्षीला उभे राहिले. ताईंनी केसपेपर दाखवून विचारले, "अपघात घरी झाला, तर घरच्यांच्या आधी तुम्ही कसे पोहोचलात?" त्यांनी पाणी मागितले. पुढे भरपाईचा हुकूम झाला. तो घेताना दादांनी वाकड्या, पण स्वतःच्या अक्षरात नाव लिहिले. आज दादांची गावात पिठाची गिरणी आहे. पट्ट्यावर जाळी बसेपर्यंत त्यांनी ती सुरू केली नाही.

मी तेव्हापासून ताईंचा कारकून आहे. नाशिकच्या बांधकामावरून, उसाच्या फडावरून, वाळूच्या हायवा ट्रकवरून माणसे येतात. कोणी मुदत घालवलेली असते, कोणी पोच घेतलेली नसते. ताई कोणाला हिणवत नाहीत. शेजारी पाणी ठेवतात आणि पहिल्यापासून विचारू लागतात.

गेल्या वर्षभरात त्यांना दोनदा चक्कर आली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा ताईंनी त्यांचीच उलटतपासणी घेतली. ताई, या एका बाबतीत तरी समोरच्याचे खरे माना. औषध वेळेवर घ्या, दुपारी घटकाभर पडत जा. बीड जिल्ह्यात अजून पुष्कळ हात यंत्रांपाशी आहेत. त्यांच्यासाठी आपल्याला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, आणि असा केसपेपर वाचण्याची वेळ आपल्यावर फारशी न येवो.