माझा नारळ, ह्यांचं बोट

आजोबांचं बोट वाकडं कसं झालं, असं नात विचारते तेव्हा मी दर वेळी शस्त्र बदलते. कधी समुद्रात मुशी मासा चावलेला असतो, कधी कोयता बसलेला असतो. खरं शस्त्र होतं नारळ, आणि हाणणारा हात माझा.

तेव्हा मी साठीतली तरणी होते. तरणी म्हणजे मूर्ख. नारळी पुनवेला बंदरावर नारळ लढवायला माझ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की बायका कचरायच्या. एकीने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं. जिचा फुटेल ती हरली. लहान, जाड कवटीचा नारळ निवडायचा आणि मनगट ढिलं पडू द्यायचं नाही. एवढं एकच शास्त्र मला येत होतं, आणि त्याच्या जोरावर मी बाकीच्या सगळ्या शास्त्रांचा निकाल लावत असे.

त्या पावसात हे पिवळे पडले. डोळे, नखं, तळवे. खाज अशी की रक्त येईस्तोवर पाठ दाराच्या चौकटीवर घासायचे. गोव्यातल्या डॉक्टरबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, स्वादुपिंडाच्या डोक्याशी कॅन्सरची गाठ आहे, अजून पसरलेली नाही. आधी ऑपरेशन, मग केमो. "वेळ घालवू नका. आज कापता येतेय, पुढे येईलच असं नाही."

घरी धाकटे दीर मोबाइल घेऊन बसलेले. दूरच्या कुठल्याशा शहरात एक दवाखाना त्यांनी शोधून काढला होता. आपलंच रक्त काढायचं, त्यातल्या पेशींना गाठीशी लढायला शिकवायचं आणि परत टोचायचं. इम्युनोथेरपी. सुरी नाही, केमो नाही.

"वयनी, आपलेच शिपाय, आपलीच लढाय!"

लढाई म्हटल्यावर मी कसली मागे राहते!

डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी मोजक्याच रुग्णांना लागू पडते. गाठीचा तुकडा तपासू, मग बोलू. ऑपरेशनच्या जोडीला काही घ्यायचं असेल तर मला विचारून घ्या. ऑपरेशनच्या बदली मात्र नाही." मी फोन असा आपटला की काच तडकली. शेजारीण डॉक्टरबाईंची बाजू घ्यायला आली, तिच्या पायाशी ताट भिरकावलं.

"माका कापून घेवचां आसा," हे म्हणाले.

"कापूक मी देवचंय नाय!"

"पोट माझां आसा गो."

"आणि कुकू कोणाचां?"

ऑपरेशनची तारीख मी परस्पर सोडून दिली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दिरांच्या गाडीने त्या दवाखान्यात जायचं ठरलं.

पुनवेला हे बंदरावर आले. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. हातात नारळ.

"चल गो. माझो फुटलो तर तुझ्या दवाखान्यात येतलंय. तुझो फुटलो तर ऑपरेशनाक जातलंय."

लोक हसले. "वयनी, फोड तेंचो!" दीर ओरडले.

पहिला टोला ह्यांचा. दुपारी झोपलेल्या घराची कडी वाजवावी तसा. मग माझी पाळी. समोर ते पिवळं मनगट, नुसतं हाड. शहाण्या बाईला दया आली असती. मला राग आला. त्या पिवळ्या रंगाचा, पोटात दडून बसलेल्या त्या गाठीचा. मी हात उचलला आणि गाठीवरच हाणला. नारळ घसरून ह्यांच्या बोटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि नख उडालं.

रक्त थांबेना. हळद दाबली, टॉवेल दाबला, दिरांचा नवा शर्ट फाडून बांधला. तोही भिजला. गाडी गोव्याकडे सुटली. हद्दीवरचं बांदा गाव मागे पडलं तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून ह्यांनी विचारलं, "नारळ फुटलो?"

"नाय."

"खंयचोच?"

"खंयचोच नाय."

"मगे तू खोटां खेळलंस. मी जिंकलंय."

"दादा जिंकलो, वयनी," दीर रडत म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर बुक्का घातला. "समोर बघून चालव, मेल्या!"

डॉक्टरबाईंनी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पित्त अडलंय, म्हणून रक्त गोठत नाही. आज बोटातून वाहिलं म्हणून कळलं. आतल्या आत वाहिलं असतं तर?"

त्यांनी रक्त गोठायची इंजेक्शनं दिली, पित्ताला वाट करून द्यायला नळी घातली आणि मग पोट उघडलं. गाठ तेव्हाही निघण्याजोगी होती. तिचा तुकडा तपासला, तर ह्यांची गाठ इम्युनोथेरपीला दाद देणाऱ्यांतली नव्हतीच. केमोने ह्यांना पार पिळून काढलं. एकदा मी पेज भरवायला गेले तर वाडगा माझ्या छाताडावर फेकला. कढत पेज अंगावरून ओघळत होती आणि मला बरं वाटत होतं: हातात जोर आला म्हणायचा.

अजून दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. यंदा तो पुनवेच्या दोन दिवसांनंतर होता. त्या आठवड्यात हे कुणाशी धड बोलत नव्हते. पुनवेला बंदरावर मात्र आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि नारळ पुढे धरला. वाकडं बोट बाजूला.

"मार. हळू नको."

मारला. ह्यांचा नारळ उभा फुटला आणि पाणी दोघांच्या तोंडावर उडालं.

ह्यांनी आधी बोटं मोजली, मग तोंड पुसलं. "पुढच्या पुनवेक तुझो फोडतलंय."

"येवा तर खरे," मी म्हटलं आणि अर्धी कवटी ह्यांच्या हातातून हिसकावून घेतली.