वसुमतीअक्कांनी धरलेला हात

आमच्या घरमालकीण वसुमतीअक्का म्हणजे भलत्या कडक. त्यांचे यजमान भीमाचार्य गेल्यापासून त्यांचा अर्धा दिवस सोवळ्यातच जायचा, घरात कांदासुद्धा यायचा नाही. आणि आम्ही त्यांचे मागच्या दोन खोल्यांतले भाडेकरू, मराठे, मासे खाणारे! म्हणून माझ्या सासूबाईंनी, चंद्राबाईंनी, युक्ती काढली होती. मासे शिजवायचे त्या दिवशी आधी खोलीभर ऊद जाळायचा. अक्कांना वाटतं आपण देवभोळे, असं आम्ही समजून चालायचो.

अठ्ठावन्न साली मला दिवस गेले. आधी दोनदा पोट पडलेलं, त्यामुळे घरात सगळे जीव मुठीत धरून. त्यात मला डोहाळे लागले मरळीचे! ह्यांनी मागच्या तळ्यावरून ताजी मरळ आणली, सासूबाईंनी ऊद पेटवून झणझणीत कालवण केलं. मी पहिला घास उचलला, तोच दार धाडकन उघडलं. दारात अक्का, सोवळ्याच्या लुगड्यात.

"थांब गं कमला! गिळू नकोस!"

सरळ आमच्या चुलीपाशी आल्या आणि माझा हात धरला. घास खाली पडला.

"अय्यो अक्का, विटाळ..." सासूबाई पुटपुटल्या.

"विटाळ गेला खड्ड्यात! हिच्या पोटात काही गेलं का, ते सांगा आधी."

"नाही हो. देवाशपथ."

अक्का मटकन खाली बसल्या. सकाळी समोरच्या रस्त्यानं दवंडी गेली होती: रंगाच्या कारखान्याचं पाणी तळ्यात उतरलंय, तिथले मासे खाऊ नका, गर्भार बायकांनी तर मुळीच नाही. आम्हाला मागच्या खोलीत काय ऐकू येणार, कप्पाळ!

मी भडकलेच. "मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? चंद्राबाई इतकी वर्षं माझ्यासाठी ऊद जाळतायत. मला सगळं ठाऊक आहे म्हटलं असतं तर त्यांना तोंड लपवावंसं वाटलं असतं. म्हटलं, तुम्हीही ऐकलंच असेल. मग पूजेला बसले आणि उदाचा वास आला... हातातली फुलं तशीच टाकून पळाले बघ."

सासूबाई हमसून हमसून रडायला लागल्या, मग आम्ही तिघी हसायला लागलो. कालवण परसात खोल पुरलं. गल्लीतली दोन घरं त्याच मासळीनं आजारी पडली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पोटावर हात ठेवून मी देवाचे आभार मानले. अक्कांचे आधी मानले.

पुढच्या रविवारी अक्का विहिरीवरूनच ह्यांना मोठ्यानं म्हणाल्या, "कृष्णाजी, होसकोट्याच्या तळ्यातली मरळ आलीय बाजारात. तिथलं पाणी चांगलं आहे म्हणे. घेऊन या, पोरीचे डोहाळे राहिलेत."

"सरी अक्का, आणतो. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मीच जाऊन विचारून आले मासळीवालीला."