चामड्याखालचे पाच ठिपके

नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि पुण्यात पाठ केलेलं माफीचं वाक्य बडनेऱ्याच्या आसपास विसरलो होतो. वीस वर्षांपूर्वीचं एक खोटं मागे घ्यायला निवृत्त माणसाने एवढ्या लांब जावं, हे घरी पटण्यासारखं नव्हतं. म्हणून सांगितलं, जुन्या विद्यार्थ्याचं लग्न आहे. खोटं मागे घेण्याचा प्रवासही असा खोट्यानेच सुरू झाला.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. महाल भागातल्या एका सरदार घराण्याने मला एक धनुष्य दाखवलं. लाकडावर शिंग आणि जनावराची तात (वाळवलेल्या शिरा) सरसाने चिकटवून केलेलं. मी 'भोसलेकालीन, बहुधा लाहोरची घडण' असं पत्र दिलं. लाहोर मी पाहिलेलं नव्हतं. दसऱ्याला प्रतिष्ठित मंडळींसमोर मीच त्याला दोरी बांधली. तेवढ्यात एक माणूस लगबगीने पुढे आला.

"तू कोण?" मी विचारलं.

"गणपत मिस्त्री, लकडगंजचा. हे जुनं नाही साहेब, मीच केलं. मुठीच्या चामड्याखाली पाच ठिपके आहेत, पाहून घ्या."

सरदारांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या आठवड्यातच मी ते चामडं उचकटून पुन्हा चिकटवलं होतं. ठिपके होते. पाचच होते.

"असं काही नाही," मी म्हणालो. लोक हसले. मिस्त्रीला दंडाला धरून बाहेर काढलं. वर्षभरात मी पुण्याला नोकरी धरली.

स्टेशनबाहेर तर्री (तिखट लाल रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि माफीसाठी मुद्दाम इस्त्री केलेल्या सदऱ्यावर लाल डाग पडला. तसाच लकडगंजला गेलो. सगळीकडे लाकडाचा भुसा आणि आरा मशीनचा (लाकूड कापायच्या यंत्राचा) आवाज. एका वखारीत गणपत मिस्त्रींचं घर विचारलं.

"कोन, लाहोरी मिस्त्री काय?" वखारवाला म्हणाला. "असं म्हना ना गा!"

माझं पत्र इथवर पोचलं होतं तर.

मिस्त्री अंगणात करवतीला कानस लावत बसले होते. मान वर करून त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग सदरा.

"या मास्तर. लय टाइम लावला."

"मी तेव्हा खोटं बोललो," मी कसंबसं म्हणालो. "धनुष्य तुम्हीच केलंत. आता तसं लिहून देतो."

"तेही खोटंच होईल," मिस्त्री म्हणाले आणि घरात हाक मारली, "अवं, बाहेर ये."

त्यांची बायको रुखमाबाई चहा घेऊन आली. बशी पुढे करताना तिचं मनगट दिसलं. त्यावर गोंदण होतं. चार कोपऱ्यांना चार ठिपके, मध्ये एक.

"मी कमानगराची (धनुष्य घडवणाऱ्याची) लेक," ती म्हणाली. "लाकूड यायनं तासलं. शिंग, तात, सरस सारं माह्या हातचं. रामलीलेवाल्यायसाठी केलं होतं. त्यायनं भंगारात विकलं."

"मग मिस्त्री, तुम्ही 'मी केलं' असं का म्हणालात?"

"बाईनं केलं म्हटलं असतं तं तुम्ही कमी हसले असते काय?" मिस्त्री म्हणाले. "अन् मी नावासाठी नव्हतो आलो. ही बायकांत उभी होती. म्हणे, मास्तरनं दोरी उलटी बांधली, कोणी ओढलं तं तुटून डोळ्यात जाईल, जाऊन सांगा. मी सांगायले आलो, तं तुम्ही पहिले विचारलं, तू कोण!"

असं धनुष्य दोरी नसताना आपोआप एका बाजूला वळतं. बांधताना ते विरुद्ध बाजूला वाकवायचं असतं. मी वळलं होतं तसंच बांधलं होतं. सोपं पडलं होतं.

सरदारांच्या घरी खरं सांगायला रुखमाबाईला घेऊन सायकलरिक्षाने प्रतापनगरला गेलो. सरदार वारले होते. त्यांचा मुलगा तिथे नव्या बंगल्यात राहत होता. बैठकीत काचेच्या कपाटात धनुष्य होतं आणि शेजारी फ्रेममध्ये माझं पत्र. मी सगळं सांगितलं, मुठीचं चामडं उचकटलं. रुखमाबाईने ठिपक्यांशेजारी आपलं मनगट ठेवलं.

तिने शेगडी मागितली. दोरी सोडून धनुष्य बराच वेळ शेकलं, गुडघ्याखाली धरून हळूहळू उलट्या दिशेला वाकवलं आणि दोरी चढवली. दोन्ही टोकं पुढे वळली. उडायच्या बेतातल्या पाखरासारखं दिसत होतं ते.

मुलाने एकदा धनुष्याकडे, एकदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत वडिलांच्या हातात तेच धनुष्य होतं, मी बांधलं होतं तसं.

"सर, हे आमचं वाटत नाही. होतं तसं करून द्या."

रुखमाबाईने दोरी उतरवली. "उलटं मले नाही जमत. मास्तरले सांगा, त्यायले सवय आहे."

मुलाने अगदी आदराने दोरी माझ्यापुढे धरली. दोन मिनिटांचं काम होतं.

"नाही," मी म्हणालो. "आणि माझं पत्र परत द्या."

"ते आता आमचं आहे, सर."

चहाचं कुणी विचारलं नाही.

फाटकाबाहेर रुखमाबाई म्हणाली, "काहून तोंड पाडून राहिले, मास्तर? घडीभर तं घडी, सरळ उभं राहिलं ना ते!"

घरी पोचलो. बायकोने विचारलं, "लग्न कसं झालं?"

"लग्न नव्हतंच," मी म्हणालो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून तिने एवढंच विचारलं, "तिचं नाव कुठे लिहिलंत का?"

काचेमागचं पत्र अजून तिथेच असेल, सहीसुद्धा माझीच. म्हणून हे दुसरं. धनुष्य भोसलेकालीन नाही, लाहोरचं नाही. लाकूड गणपत मिस्त्रींनी तासलं. घडवलं रुखमाबाईने, लकडगंज, नागपूर. खूण चामड्याखाली आहे. मी ती पाहिली होती.