ललिताच्या आवडीचं

शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बाबासो कांबळेंनी अठ्ठावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. संगणक आले, छापखाना बंद पडला आणि दोनच वर्षांत, २००२ च्या डिसेंबरात, बायको ललिता गेली. मुलगी दीक्षा पुण्याला सासरी. बाबासोंना तोवर चहासुद्धा करता येत नव्हता.

त्यांना स्वयंपाक शिकवला तो चिमणाबाईंनी; सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे. गल्लीच्या टोकाला राहणारी ही म्हातारी एकेकाळी मुलींच्या वसतिगृहात शंभर जणींचं रांधायची. तिची अट एकच होती: गॅस पेटवायच्या आधी काय करणार ते येऊन सांगायचं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बाबासो बेत कागदावर लिहून नेत आणि वाचून दाखवत. ती चुका काढी. दिवसभरात त्यांचं कुणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. त्यामुळे साध्या पिठल्याच्याही ते दहा ओळी लिहीत.

ललिताला जाऊन वर्ष व्हायला आलं. त्या दिवशीच्या बुद्धवंदनेला भावकीतली पंधरा माणसं येणार होती. बाबासोंनी दोन दिवस खपून बेत लिहिला. वाटाण्याचा रस्सा, मसालेभात, चपाती, शेवयांची खीर. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, भाताचं पाणी कमी करायला सांगितलं आणि मग विचारलं, "ह्यात ललिताच्या आवडीचं काय हाय?"

बाबासोंनी कागद पुन्हा वरपासून वाचला. रस्सा त्यांच्या आवडीचा, खीर दीक्षाच्या. ललिता सगळ्यांना वाढून मागाहून आत एकटी बसायची. ती काय चवीनं खाते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"म्हाईत न्हाय, आक्का," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं नेसरीला गेले. तिथं ललिताची थोरली बहीण धोंडुबाई राहायची. तिला आठवावं लागलं नाही. "कण्या," ती म्हणाली. "ज्वारीच्या कण्या आन् ताक. माहेरी आली की पयलं त्येच मागायची. तुमच्यात करत न्हाईत म्हणायची."

बाबासोंना आठवलं. लग्नानंतर महिन्याभरात ललितानं एकदा कण्या शिजवल्या होत्या. लहानपणी बाबासोंनी गरिबीत तेच खाऊन दिवस काढलेले. त्यांनी ताट सरकवलं होतं आणि ह्या घरात हे पुन्हा नको म्हणून बजावलं होतं. तिनं पुन्हा केल्या नाहीत. कधी तो विषयही काढला नाही.

परत येऊन त्यांनी नवा बेत वाचून दाखवला; पहिली ओळ कण्यांची होती. "आधण खळाखळा उकळल्याबिगर कण्या वैरू नगंस," एवढंच आक्का म्हणाल्या. "आन् हात थांबवू नगंस, गोळं व्हत्यात."

वंदना झाली, पंगत बसली. पाहुण्यांनी कण्या मानापुरत्या घेतल्या, तरण्या पोरांनी पानात तशाच ठेवल्या. दीक्षानं मात्र ताक ओतून वाटीभर खाल्ल्या.

"आईला हे आवडायचं?" तिनं विचारलं.

"व्हय," बाबासो म्हणाले. त्यांनी तिच्या वाटीत आणखी ताक ओतलं.

संध्याकाळच्या गाडीनं दीक्षा गेली. बाबासोंनी पातेल्याच्या तळाशी उरलेल्या कण्या वाटीत काढल्या, वर ताक घातलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. थोडे गोळे झाले होते, पण चव चांगली होती. त्यांनी वाटी पुसून खाल्ली.